उमराहच्या फोटोसोबत तिकीटही ग्रुपवर जातंय का?

विमानतळावर सामान दिलं, तपासणी झाली, की आपल्या घरातली माणसं आधी काय करतात? पासपोर्ट आणि बोर्डिंग पास एकावर एक धरून फोटो काढतात आणि खानदानच्या ग्रुपवर टाकतात. पाच मिनिटांत मुंब्र्याहून, महाडहून, कुवेतहून उत्तरं सुरू होतात. मुबारक हो, दुआमध्ये आठवण ठेवा, आमचा सलाम पोहोचवा. आम्हीही हेच करत आलो आहोत, आणि यात गैर काही आहे असं आम्हाला वाटत नाही. ज्या फुफीचं गुडघ्यामुळे आता जाणं होणार नाही, तिला नातवाच्या फोनवर काबा दिसतो तेव्हा तिचे डोळे भरून येतात.

या गप्पांचा खरा फायदाही होतो. आमच्या ओळखीतलं एक जोडपं पहिल्यांदाच निघालं होतं. मदिन्यात रियाजुल जन्नाहसाठी नुसुक अ‍ॅपवरून आधी परमिट घ्यावं लागतं, पुरुषांच्या आणि बायकांच्या वेळा वेगळ्या असतात, हे त्यांना टूरवाल्याने नीट सांगितलंच नव्हतं. ग्रुपवर मशीद-ए-नबवीचा फोटो टाकला, तेव्हा आधी जाऊन आलेल्या एका चाचींनी खाली लिहिलं, "परमिट घेतलं का? वेळ लवकर भरते." त्याच रात्री त्यांनी वेळ घेतली. मक्का ते मदिना हरमैन रेल्वेने जावं की बसने, हॉटेलपासून हरम खरंच किती चालावं लागतं (टूरवाल्यांचे 'पाच मिनिटं' सगळ्यांना माहीत आहेत), व्हीलचेअर कुठे मिळते, असल्या गोष्टी पुस्तिकेत कमी आणि अशा ग्रुपवर जास्त कळतात.

म्हणजे फोटो टाकू नका, असं आमचं म्हणणं नाही. पण बोर्डिंग पासचा फोटो मात्र टाकू नये.

कारण साधं आहे. त्या कागदावर सहा अक्षरांचा-अंकांचा एक कोड असतो, त्याला पीएनआर म्हणतात. बऱ्याच विमान कंपन्यांच्या साइटवर हा कोड आणि आडनाव टाकलं की तुमचं बुकिंग उघडतं. परतीची तारीख, सोबतची माणसं, कधी कधी फोन नंबरही दिसतो. खोडसाळ माणूस सीट बदलू शकतो, काही ठिकाणी तिकीट रद्दसुद्धा करू शकतो. कोडवर अंगठा ठेवून फोटो काढला म्हणून भागत नाही. शेजारच्या बारकोडमध्येही तीच माहिती असते आणि ती वाचणारी अ‍ॅप फुकट मिळतात.

ऑस्ट्रेलियाचे माजी पंतप्रधान टोनी अ‍ॅबट यांनी मार्च २०२० मध्ये आपला बोर्डिंग पास इन्स्टाग्रामवर टाकला होता. एका तरुणाने त्यावरचा कोड वापरून विमान कंपनीच्या साइटवर त्यांचं बुकिंग उघडलं. त्या पानामागच्या मजकुरात त्याला त्यांचा पासपोर्ट नंबर आणि फोन नंबर सापडला. त्याचा हेतू वाईट नव्हता, त्याने स्वतःहून कळवलं आणि ती त्रुटी दुरुस्त झाली. आपल्या ग्रुपवरचा फोटो कोणाच्या हाती पडेल, याची अशी खात्री नाही.

ग्रुप आपलाच आहे, असं कोणी म्हणेल. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात. मोहल्ल्याच्या, जमातीच्या ग्रुपमधली सगळी आपल्याला माहीत असतात का? आमच्याच नात्यात आईवडील मक्केत असताना घरी मुलीला फोन आला. "तुमच्या अब्बांना चक्कर आली आहे, दवाखान्यात पैसे भरायचे आहेत." बोलणाऱ्याला हॉटेलचं नाव ठाऊक होतं, अब्बांनी त्या दिवशी कुठला कुर्ता घातला होता तेही. मुलीने घाबरून पैसे पाठवायला घेतले होते. नशिबाने धाकट्या भावाने तेवढ्यात थेट अम्मीला फोन लावला, तर अब्बा शेजारी बसून खजूर खात होते. हॉटेल आणि कुर्ता, दोन्ही त्या सकाळच्या स्टेटसवर होतं.

म्हणून आता आमच्या घरात हॉटेलच्या दाराचा, खोलीच्या नंबराचा, व्हिसाच्या कागदाचा फोटो कोणी टाकत नाही. 'पंधरा दिवस घराला कुलूप' असंही लिहीत नाही. तिथल्या नमाजचा, रस्त्यावरच्या कबुतरांचा, जेवणाचा फोटो टाका की. नातेवाइकांना हवं असतं तेच असतं ना?

आणखी एक गोष्ट फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटो कुठे काढला ते त्याच्या आतच नोंदलं जातं. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद गळून पडते. पण फोटो अस्पष्ट होऊ नये म्हणून मुलं तो 'डॉक्युमेंट' करून पाठवतात, तेव्हा नोंद जशीच्या तशी जाते. घरी काढलेल्या लहान मुलांच्या फोटोंना हे जास्त लागू आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद केलं की प्रश्न मिटतो.

राहिल्या फोटोतल्या बायका. घरातल्या बाईला विचारून तिचा फोटो पाठवायचा, हे आपण पाळतो, निदान पाळायला हवं. पण मागे उभ्या असलेल्या अनोळखी बाईला कोण विचारतं? तीही कोणाची अम्मी, कोणाची बहीण. फोटो थोडा कापून पाठवायला दहा सेकंद लागतात.

चुकून काही गेलंच तर व्हॉट्सअ‍ॅपवर 'डिलीट फॉर एव्हरीवन' साधारण दोन-अडीच दिवस चालतं. ज्याच्या फोनमध्ये फोटो आधीच गॅलरीत उतरला आहे, त्याच्याकडून तो जाईलच असं नाही. बोर्डिंग पास गेला असेल तर विमान कंपनीला फोन करून बुकिंगमध्ये काही बदल झालेत का ते लगेच विचारा, आणि परतीचा प्रवास बाकी असेल तर निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा विचारा.