बीटा सुविधा आणि फीचर फ्लॅग : स्वरूप, उपयुक्तता व दक्षता

प्रस्तावना :
सॉफ्टवेअरमधील नवी सुविधा सर्व वापरकर्त्यांना एकाच वेळी खुली करणे धोक्याचे असते. म्हणून बीटा अवस्थेतील सुविधा प्रथम मर्यादित वापरकर्त्यांपुरती ठेवली जाते. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फीचर फ्लॅग या तंत्राचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

संकल्पना व कार्यपद्धती :
फीचर फ्लॅग म्हणजे प्रोग्राममध्ये घातलेली एक अट होय. नव्या सुविधेचा कोड सर्व्हरवर असतो. परंतु फ्लॅग चालू असेल तरच तो कार्यान्वित होतो. त्यामुळे कोड बसविणे आणि सुविधा खुली करणे या दोन क्रिया परस्परांपासून विलग होतात. आधी कर्मचारी, मग एक टक्का, नंतर दहा टक्के वापरकर्ते अशा क्रमाने सुविधेचा विस्तार करता येतो. दोष आढळल्यास फ्लॅग बंद करणे पुरेसे ठरते. मात्र ही तपासणी सर्व्हरवरच व्हावी लागते. केवळ पडद्यावरील बटण लपविल्याने सुविधा सुरक्षित होत नाही.

नाइट कॅपिटलचे उदाहरण :
फ्लॅगच्या हाताळणीतील चूक किती महाग पडते, हे अमेरिकेतील नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार कंपनीच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. या कंपनीने २००३ पासून वापरात नसलेल्या सुविधेचा कोड काढून न टाकता तिचाच फ्लॅग नव्या सुविधेसाठी वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड बसविण्याचे राहून गेले. १ ऑगस्ट २०१२ रोजी बाजार उघडताच त्या सर्व्हरवरील जुना कोड जागा झाला आणि ऑर्डर पूर्ण झाल्या तरी खरेदी-विक्री करीत राहिला. उपाय म्हणून उरलेल्या सात सर्व्हरवरील नवा कोड काढण्यात आला. परंतु येणाऱ्या ऑर्डरींवरील फ्लॅग तसाच राहिल्याने तेथेही जुना कोड चालू झाला. सुमारे ४५ मिनिटांत ४० लाखांहून अधिक व्यवहार होऊन कंपनीला ४६ कोटी डॉलरांहून अधिक तोटा झाला. २०१३ मध्ये अमेरिकी नियामकाने तिला १ कोटी २० लाख डॉलरांचा दंड केला. त्याच वर्षी ती दुसऱ्या कंपनीत विलीन झाली.

दक्षता :
१) प्रत्येक फ्लॅगला स्वतंत्र नाव व जबाबदार व्यक्ती असावी.
२) फ्लॅगचा पुनर्वापर करू नये.
३) काम संपताच फ्लॅग व जुना कोड काढून टाकावा.
४) चालू व बंद या दोन्ही स्थितींची चाचणी घ्यावी.

निष्कर्ष :
फीचर फ्लॅगमुळे बीटा सुविधेचा धोका मर्यादित होतो. परंतु विसरलेला फ्लॅग स्वतःच धोका बनतो. म्हणून फ्लॅग लावतानाच तो काढण्याचे नियोजन करणे आवश्यक ठरते.