जुनी घंटा, नवा डोळा

इंदूर-बडोद्याच्या जुन्या वाड्यांत कडीच्या आवाजावरून माणूस ओळखला जाई. कडीची जागा विजेच्या घंटेने घेतली, आणि आता त्या घंटेच्या बटणाजागी कॅमेऱ्याचा डोळा बसू लागला आहे. दारी आलेल्याचे चित्र मोबाईलवर दाखविणारी ही नवी घंटा सातासमुद्रापार असलेली मुले आईवडिलांच्या काळजीपोटी पाठवितात. भेट प्रेमाची खरी. परंतु ती भिंतीतील जुन्या तारांना जोडण्यापूर्वी थोडा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते.

अमेरिकेतील घरांत घंटेसाठी बहुधा एक लहानसा ट्रान्सफॉर्मर असतो. तेथील १२० व्होल्टचा दाब तो १६ ते २४ व्होल्टपर्यंत उतरवितो. तारांवर चालणाऱ्या तिकडच्या कॅमेरा-घंटा या सौम्य दाबासाठीच घडविलेल्या असतात. आपली नेहमीची 'टिंग-टाँग' मात्र बहुतेक घरांत थेट २३० व्होल्टवर चालते. दारावरचे बटण काढून त्याच दोन तारा अशा यंत्रास जोडल्या, तर यंत्र जळेल आणि बटणास हात लावणाऱ्याच्या जिवावरही बेतू शकेल.

योग्य दाब मिळाला तरी दुसरी अडचण उरते. साधे बटण दाबेपर्यंत वीज घेत नाही. कॅमेरा मात्र अहोरात्र जागा असतो, आणि त्याची वीज घंटेतील तारेच्या वेटोळ्यातूनच येते. बटण दाबताच हे वेटोळे लोखंडी दांडी ओढते, ती एका पट्टीवर आपटून 'टिंग' करते. बटण सोडताच स्प्रिंगने परतून दुसरीवर 'टाँग'. सतत झिरपणाऱ्या विजेने ही दांडी थरथरते व घंटा गुणगुणत राहते. म्हणून अनेक कंपन्या घंटेच्या दोन टोकांना जोडावयाचा एक छोटा भाग सोबत देतात. कॅमेऱ्याची वीज तो घंटेला बगल देऊन नेतो.

मग आपण काय करावे? सर्वांत सोपा मार्ग बॅटरीवरच्या कॅमेऱ्याचा. जुने बटण व घंटा जागच्या जागी राहू द्यावी; बॅटरी तेवढी अधूनमधून चार्ज करावी. दुसरा मार्ग २३० व्होल्टचा दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आणि त्याच दाबाची नवी घंटा बसविण्याचा. जुनाच आवाज हवा असेल, तर मध्ये यंत्राला मानवेल असा रिले घालावा लागतो: कॅमेरा रिलेला हलवितो, रिले जुन्या घंटेला वीज देतो. शेवटची दोन्ही कामे मेन स्विच बंद करून जाणत्या वायरमननेच करावीत.

जुनी घंटा जपण्याचा हा आग्रह केवळ हौसेचा नव्हे. चित्र परदेशी मुलाच्या हाती पोहोचते. दार उघडावयास मात्र घरातली आजीच उठते. मोबाईल तिच्या उशाशी असेलच असे नाही, घंटेचा आवाज मात्र स्वयंपाकघरापर्यंत पोहोचतो. तेव्हा मुलांनी पुढील भेट धाडण्यापूर्वी एवढे जरूर विचारावे: आपल्या घरची घंटा किती व्होल्टवर वाजते?