औषधांचा शोध (भाग ६) : दोनशे संयुगे नापास झाल्यावर

मागच्या भागात आपण माती आणि बुरशीतून मिळालेली औषधे पाहिली. तिथली रीत सरळ होती : नमुने गोळा करायचे, एकेकाची चाचणी घ्यायची आणि गुण दिसला की त्याच्या मागे लागायचे. आजची रीत उलट दिशेने चालते. शरीरातला नेमका कुठला व्यवहार थांबवायचा हे आधी ठरवायचे आणि मग तो थांबवणारा रेणू प्रयोगशाळेत घडवायचा. ही रीत ज्यांनी रुजवली त्यांत स्कॉटलंडचे डॉ. जेम्स ब्लॅक यांचे नाव मी सर्वांत वर ठेवेन.

ब्लॅक यांचे पहिले यश हृदयाचे. ॲड्रेनालिन पेशींवरच्या दोन वेगवेगळ्या जागांवर काम करते, अल्फा आणि बीटा, असे अमेरिकेतल्या रेमंड अह्लक्विस्ट यांनी १९४८ मध्ये मांडले होते. या जागांना रिसेप्टर म्हणतात. त्या निबंधाकडे बरीच वर्षे फारसे कुणी लक्ष दिले नाही. ब्लॅक यांनी दिले. अंजायनाच्या रुग्णाच्या हृदयाला जास्त प्राणवायू कसा पुरवायचा, या विवंचनेत सगळे असताना त्यांनी विचारले, हृदयाची प्राणवायूची गरजच कमी केली तर? म्हणजे बीटा रिसेप्टर अडवायला हवा. आयसीआय कंपनीत त्यातून प्रोप्रॅनोलॉल तयार झाले. ते आजही वापरात आहे.

१९६४ मध्ये ब्लॅक यांनी आयसीआय सोडली आणि स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या वेल्विन गार्डन सिटीतल्या प्रयोगशाळेत पोटाचा प्रश्न हाती घेतला. तेव्हा अल्सरच्या रुग्णाला अँटासिड आणि पथ्य एवढेच देता येई. दुखणे हटले नाही तर शस्त्रक्रिया. जठराचा काही भाग काढून टाकायचा, किंवा आम्लाचा हुकूम घेऊन येणारी व्हेगस नस कापायची.

हिस्टामिनमुळे जठरात आम्ल सुटते, हे माहीत होते. खाज आणि शिंका थांबवणारी अँटिहिस्टामिन औषधेही बाजारात होती. मात्र ती कितीही दिली तरी आम्ल काही कमी होत नसे. यावरून ब्लॅक यांनी तर्क बांधला की हिस्टामिनचा आणखी एक रिसेप्टर असला पाहिजे. तो कुणी पाहिलेला नव्हता. त्याला अडवणारा पदार्थ सापडणे हाच त्याच्या अस्तित्वाचा पुरावा ठरणार होता.

रॉबिन गॅनेलिन, ग्रॅहम ड्युरंट आणि जॉन एमेट हे रसायनतज्ज्ञ हिस्टामिनच्याच रेणूत लहानसहान बदल करत राहिले. चाचणीची पद्धत होती घोष-शिल्ड पद्धतीवर बेतलेली. भारतीय औषधशास्त्रज्ञ एम. एन. घोष यांनी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात हाइन्झ शिल्ड यांच्यासोबत ती १९५८ मध्ये प्रसिद्ध केली होती. भूल दिलेल्या पांढऱ्या उंदराच्या जठरातून सतत द्रव वाहता ठेवायचा आणि बाहेर येणाऱ्या द्रवाची आम्लता नोंदत जायचे. चांगल्या मोजणीशिवाय उत्तम कल्पनाही पांगळी असते. म्हणून या शोधाच्या इतिहासात घोष यांचे नाव आवर्जून घ्यायला हवे.

चार वर्षे गेली. सुमारे २०० संयुगे बनवून झाली आणि एकही आम्ल अडवेना. तेव्हा या मंडळींनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. अगदी सुरुवातीला बनवलेल्या संयुगांत ग्वानिलहिस्टामिन नावाचे एक होते. ते स्वतःच थोडे आम्ल सोडायला लावत असल्याने आम्ल वाढवणाऱ्यांत जमा झाले होते. फेरतपासणीत दिसले की हिस्टामिनने जठर पूर्ण जोरात चालू असताना ते दिले, तर आम्ल किंचित उतरते. सुटीवर गेलेल्याच्या खुर्चीत बसून अर्धेच काम उरकणाऱ्या बदली कारकुनासारखे ते वागत होते : जागा अडवत होते, पण थोडे काम करतही होते. या शोधकथेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण हाच. चाचणीला जो प्रश्न विचारावा त्याचेच उत्तर ती देते. प्रश्न बदलला आणि नापासांच्या यादीतून वाट निघाली.

आता त्या रेणूतले काम करणारे अंग काढून फक्त जागा अडवणारे ठेवायचे होते. त्यातला विद्युतभारित गट काढून थायोयुरियाचा गट बसवला, साखळी लांबवली आणि बुरिमामाइड तयार झाले. १९७२ मध्ये ‘नेचर’मधल्या निबंधात दुसरा रिसेप्टर सिद्ध झाला आणि त्याला एच-२ हे नाव मिळाले. पण बुरिमामाइड तोंडावाटे घेतल्यास पुरेसे काम करत नव्हते. पुढचे मेटियामाइड गोळीतूनही प्रभावी ठरले, रुग्णांचे अल्सर भरू लागले, आणि काही रुग्णांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. संशय थायोयुरियावर गेला. तो बदलून सायनोग्वानिडिनचा गट बसवला, तेच सिमेटिडिन. नोव्हेंबर १९७६ मध्ये ते ब्रिटनमध्ये विक्रीला आले. तोवर बनवलेल्या संयुगांची संख्या सुमारे ७०० झाली होती. आपल्याकडे घरोघरी पोचलेली रॅनिटिडिन आणि फॅमोटिडिन ही त्याचीच पुढची भावंडे.

एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. सिमेटिडिनने अल्सर भरत, पण गोळ्या बंद झाल्या की अनेकांना पुन्हा होत. कारण १९८० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी दाखवले : हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. आम्ल अडवून जखमेला भरायला वेळ मिळतो. जिवाणू जायला प्रतिजैविके लागतात. आज अशा अल्सरवर दोन्ही एकत्र देतात. म्हणून पोटातली आग महिनोन्महिने दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर दाबून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा आणि या जिवाणूची तपासणी करून घ्यायची का, हे विचारा.

ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासोबत मिळाले. पेशी डीएनए कसा बनवतात यावरून औषधे घडवणाऱ्या या दोघांविषयी पुढच्या आठवड्यात.