एचएमटी जनता: ट्रंकेतलं चावीचं घड्याळ

सोलापुरात गिरणी कामगारांच्या घरच्या जुन्या ट्रंकेतून अजूनही एचएमटी जनता निघतं. बंगळुरूला १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने एचएमटीने घड्याळं बनवायला घेतली. जनतामध्ये सेल नाही, रोज चावी द्यायची. आत १७ ज्वेलचं मशीन, सेकंदाला पाच ठोके; कानाशी धरा, काय सुरेख टिकटिक येते! २०१६ मध्ये घड्याळ कंपनी बंद करायचा निर्णय झाला. आता बाजारात रंगवलेल्या डायलचा सुळसुळाट आहे. भडक केशरी-निळी डायल आणि पसरलेली अक्षरं दिसली की थांबा. मागचं झाकण उघडून मशीन बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मला विचाराल तर पिवळसर पडलेली मूळ डायलच देखणी. देवनागरीत ‘जनता’ लिहिलेलं कुणाकडे असेल तर फोटो नक्की टाका.