रोडग्यांच्या मुलखात भाजीचा टार्ट

वाशीम जिल्ह्यातल्या आसेगावच्या स्वयंपाकघरात टार्टचा साचा सहसा सापडायचा नाही. पण पिठात मोहन घालायचं आणि कोरड्या आचेवर खरपूस भाजायचं, हे काम वऱ्हाडाला नवं नाही. रोडगे दुसरं काय असतात? जाडसर कणकेत तेल, ओवा, मीठ घालून पीठ घट्ट मळतात. पाऱ्यांना तेल लावून त्या एकावर एक ठेवतात, त्यांचा गोळा वळतात आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजतात. राख झटकून रोडगा फोडला की आत पदर सुटलेले दिसतात. वर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. ही पंगत जेवलेल्या माणसाला टार्ट समजायला वेळ लागणार नाही. इथे भाजी शेजारी न वाढता पिठाच्या वाटीतच भाजायची, एवढाच फरक.

वाटी खुसखुशीत होते ती मोहनामुळे. तुपाचा थर पिठाच्या कणांना वेढतो, मग त्यांना पाणी कमी मिळतं आणि गव्हातला चिवटपणा वाढत नाही. म्हणून तूप थिजलेलं हवं, पाणी गार हवं आणि पोळीसारखं मळणं तर मुळीच नको. वीस-बावीस सेंटिमीटरच्या साच्याला 150 ग्रॅम कणीक, 50 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 80 ग्रॅम तूप, अर्धा चमचा ओवा, चवीपुरतं मीठ आणि पीठ जेमतेम गोळा होईल इतकं पाणी घ्यावं. विलायती कृतीत 100 ग्रॅम लोणी सांगितलेलं असतं, पण बाजारच्या लोण्यात सुमारे 80 टक्केच स्निग्धांश असतो, म्हणून तूप 80 ग्रॅम पुरतं. ज्वारीने चव खमंग होते. मात्र तिच्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, त्यामुळे चौथ्या हिश्शाहून जास्त घातली तर वाटी कापताना मोडते.

गोळा अर्धा तास गार ठेवून लाटावा, साच्यात बसवावा, काट्याने टोचावा. वर कागद पसरून त्यावर कोरडा राजमा भरावा आणि 190 अंशांवर पंधरा मिनिटं भाजावं. मग राजमा काढून आणखी सहा-सात मिनिटं. हे वजन नसेल तर तळ फुगतो आणि कडा घसरतात. घाईत ही पायरी गाळली की तळ ओला, कच्चट राहतो, आणि तो नंतर कितीही भाजला तरी सुधारत नाही.

सारणाचा खरा शत्रू पाणी. या बाबतीत विदर्भाच्या सांबारवडीइतका चांगला गुरू मला दुसरा दिसत नाही. तिच्यात सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन कापडावर पुरती सुकवतात. तीळ, खसखस, सुकं खोबरं, आलं-लसूण आणि हिरवी मिरची तेलात परततात. पारीला आतून तेल, चिंचेचा कोळ आणि मसाला यांचा हात फिरवतात. टार्टच्या भाजलेल्या तळालाही तसाच पातळ हात द्यावा, वर चमचाभर भाजलेलं बेसन भुरभुरावं आणि मग सारण पसरावं. सुटलेलं पाणी बेसन पिऊन घेतं.

मसाला मात्र ओव्हनच्या भरवशावर सोडू नये. जिरं, हिंग, हळद यांचा स्वाद गरम तेलात उतरतो, म्हणून फोडणी आधी गॅसवर करून सारणात मिसळावी. पिठात सोडा टाकायचा मोह टाळावा. सोड्याने हळद लाल पडते, आणि टार्टला फुगण्याची गरजही नसते.

मला सर्वांत आवडतो तो भरताचा टार्ट. विस्तवावर भाजलेलं वांगं, हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात आणि भरडलेले शेंगदाणे. सारण धरून ठेवायला अंडं नको असेल तर अर्धी वाटी बेसन, वाटीभर दही आणि अर्धी वाटी पाणी घोटून त्यावर ओतावं, तीळ पेरावेत आणि 180 अंशांवर तीस ते पस्तीस मिनिटं भाजावं. पिठलं गार होताना जसं घट्ट होतं तसंच हे मिश्रणही होतं. म्हणून बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं सुरी लावू नये.

ओव्हन नसला, किंवा ऐन वेळी वीज गेली, तरी अडत नाही. जाड बुडाच्या लोखंडी कढईत मिठाचा थर द्यावा, त्यावर तिवई ठेवावी, घट्ट झाकण लावून दहा मिनिटं तापवावं आणि साचा आत ठेवावा. आच खालून लागत असल्याने तळ छान कुरकुरीत होतो. वरचा रंग फिका राहतो, म्हणून तीळ आधीच भाजून घ्यावेत. वेळ दीडपट धरावा. कुकर मात्र असा कोरडा तापवू नका. बुडाला पाणी नसलेला कुकर खराब होतो.

दिवाळीच्या फराळात गोड आणि तळलेलं भरपूर असतं, तेव्हा पहिला टार्ट सांबाराचा करा. पुढे मार्गशीर्ष-पौषात तुरीच्या शेंगा भरतील. त्यांचे हिरवे सोले लसूण-मिरचीवर परतून याच वाटीत भरा आणि गरम असतानाच वाढा.