भात्यामागचं चाक

रत्नागिरीहून एका वाचकांचं पत्र आलंय. त्यांचे मामा मर्चंट नेव्हीत होते. जपानच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी घेतलेला घडीचा कॅमेरा आता भाच्याकडे आलाय. त्यावर ‘मामिया सिक्स’ असं कोरलेलं आहे. दार उघडतं, भाता ताठ होतो, शटरही वाजतं. तक्रार एवढीच: ‘लेन्सभोवतीच्या सगळ्या कड्या फिरवून झाल्या, लेन्स काही पुढे-मागे होत नाही. धडाच्या पाठीमागे वर एक दातेरी चाक आहे, ते फिरतं, पण समोर काहीच हलत नाही. आतून काही तुटलंय का?’

काहीही तुटलेलं नाही. चाक आपलं काम चोख करतंय, तुम्ही फक्त उलट्या टोकाकडे बघताय. या कॅमेऱ्यात लेन्स हलतच नाही, फिल्म हलते.

 

झाइसच्या सुपर इकॉन्टा या घडीच्या कॅमेऱ्यात काचेच्या दोन फिरत्या पाचरी असतात. अंतर मोजणारा रेंजफाइंडर धडात, फोकस दाराच्या टोकाशी आणि मध्ये भाता, या अडचणीवरचा तो उतारा होता. झाइसने दोन्ही टोकांमधला दुवा म्हणून प्रकाशकिरणच वापरला. अॅग्फाने 1954 च्या सुपर आयसोलेटमध्ये सरळ यांत्रिक वाट धरली: अख्खी लेन्स हेलिकॉइडवर सरकवायची आणि तिची हालचाल तरफेने धडापर्यंत आणायची. दोन्ही उपाय उत्तमच, पण दोघांनीही फोकस दारावरच राहणार हे गृहीत धरलेलं होतं.

सेइची मामियांनी ते गृहीत धरलं नाही. 1940 साली त्सुनेजिरो सुगावारा यांच्या भांडवलावर टोकियोत त्यांनी कंपनी काढली. मामिया सिक्स हा तिचा पहिला कॅमेरा. फोकस म्हणजे शेवटी लेन्स आणि फिल्म यांच्यातलं अंतर. त्यातलं कुठलं टोक सरकवायचं याची भौतिकशास्त्राला पर्वा नसते. आजोबा वाचताना चष्मा नाकावर तसाच ठेवून पेपर लांब धरतात, तसाच हा प्रकार. चाक फिरवलं की धडाच्या आतली, फिल्म जिच्यावर टेकते ती चौकट मागे जाते. रेंजफाइंडर त्याच धडात, चौकटीपासून बोटभर अंतरावर. त्यामुळे भाता ओलांडून काही न्यायची गरजच उरत नाही.

ही चौकट किती सरकते? लेन्स 75 मिलीमीटरची. 10 मीटरवरच्या माणसासाठी फिल्म अनंताच्या जागेपासून जेमतेम अर्धा मिलीमीटर मागे जाते, 3 मीटरसाठी सुमारे 2 आणि 1 मीटरसाठी 6 मिलीमीटर. सगळा खेळ एवढ्या 6 मिलीमीटरांत आहे.

याचा दुसरा फायदा लेन्सच्या तब्येतीला होतो, आणि मला तो रेंजफाइंडरच्या सोयीइतकाच मोलाचा वाटतो. त्या काळच्या बहुतेक घडीच्या कॅमेऱ्यांत फोकससाठी लेन्सची फक्त पुढची काच आट्यांवर फिरून बाहेर यायची. स्वस्त आणि सुटसुटीत पद्धत, पण लेन्स आखणाऱ्याने काचांमध्ये राखलेलं अंतर त्यात बिघडतं. दूरच्या डोंगराचा फोटो झकास येतो. दीड मीटरवर बसलेल्या माणसाचा छिद्र पूर्ण उघडून काढलात, तर कडा लोण्यासारख्या मऊ पडतात. मामियात काचांमधलं अंतर कधीच बदलत नाही. युद्धानंतरच्या कितीतरी मामिया सिक्सवर ऑलिंपसची झुइको 75 मिलीमीटर, एफ 3.5 लेन्स आहे. माणसांचे जवळून काढलेले फोटो तिच्यावर कसे येतात हे एकदा बघाच.

अर्थात फुकट काहीच मिळत नाही. हा रेंजफाइंडर दाराला विचारायला जात नाही, तो दारावर विश्वास टाकून मोकळा होतो. दार दर खेपेला अगदी त्याच जागी येऊन थांबलं तरच त्याचं गणित खरं. दाराला ताठ धरणाऱ्या पट्ट्या ढिल्या होऊन लेन्स फक्त पाव मिलीमीटर पुढे आली असेल, तर रेंजफाइंडर अनंत दाखवत असताना फिल्मवर 22-23 मीटरवरची झाडं टोकदार उतरतात आणि मागचा डोंगर धुरकट. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, निगेटिव्हवरच कळतो.

आणि आता या कॅमेऱ्याची खरी दुखरी नस. फिल्म सपाट राहावी म्हणून तिच्या पाठीशी एक दाबपट्टी असते. साध्या कॅमेऱ्यात ती मागच्या झाकणाला स्प्रिंगवर कायमची बसवलेली असते. इथे फिल्मची चौकटच सरकणार, तर पट्टीलाही तिच्याबरोबर जायला हवं. म्हणून मामिया सिक्सच्या सुरुवातीच्या मॉडेलांत ही पट्टी सुटी आहे. रोल भरताना ती बाहेर काढायची आणि फिल्म लागली की पुन्हा सरकवून बसवायची. आता विचार करा, लग्नाच्या मांडवात घाईघाईने रोल बदलणाऱ्या माणसाच्या हातात ही बारकीशी पट्टी किती वर्षं टिकेल? जगभरात विकायला निघालेल्या मामिया सिक्सच्या वर्णनात ‘पट्टी नाही’ हे शब्द इतक्यांदा येतात, की पट्टीसकट मिळालेला कॅमेरा मी तरी लॉटरीच समजतो. पट्टी नसलेला कॅमेरा दिसायला शाबूत असतो, पण फिल्म आत पोट काढून बसते आणि एकही फोटो धड येत नाही.

तेव्हा रत्नागिरीकरांनी आधी झाकण उघडून पट्टी आहे का ते बघावं. नसेल तर मामांच्या सामानात, चामड्याच्या पिशवीच्या तळाशी, जुन्या रिकाम्या रिळांच्या डब्यात शोधावं. मग रोल न भरता चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून चौकट सरकताना डोळ्यांनी पाहावी. ती अडखळली तर तेलाचा थेंब टाकायच्या मोहात पडू नये, ते काम जाणत्या कारागिरावर सोडावं. पुढची परीक्षा घरच्या घरी होते. चौकटीवर बटर पेपरचा तुकडा ताणून चिकटवायचा, शटर ‘बी’वर उघडं धरायचं, छिद्र पूर्ण मोकळं ठेवायचं आणि रेंजफाइंडरमध्ये दूरचा मोबाइल टॉवर एक करून घ्यायचा. मग डोक्यावर काळं फडकं घेऊन कागदावरची उलटी प्रतिमा भिंगातून न्याहाळायची. टॉवरच्या जाळीचे गज सुटे दिसले, तर दार आणि रेंजफाइंडर अजून एकमेकांशी प्रामाणिक आहेत. शेवटी लेन्समधून टॉर्च मारून बघा. कोकणातल्या हवेत इतकी वर्षं कपाटात राहिलेल्या काचेवर बुरशीची जाळी नसेल, तर मला जरूर कळवा, मी पेढे पाठवीन.

या कॅमेऱ्याची माहिती शोधताना एक घोटाळा टाळा. 1989 मध्ये मामियाने ‘मामिया 6’ नावाचा अगदी वेगळा कॅमेरा काढला, लेन्स बदलता येणारा.  त्याची माहितीपुस्तिका मिळाली तर तुमच्या उपयोगाची नाही.

मामियाने फिल्म हलवायची ही युक्ती सोडली नाही. 1955 च्या ऑटोमॅटमध्ये रोल पुढे नेला की शटरही आपोआप ताणलं जाऊ लागलं, पण फोकस त्या मागच्या चाकावरच राहिला. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत हे घराणं चाललं. इंग्लंडमध्ये महायुद्धानंतर विक्रीला आलेल्या एन्साइन कमांडोतही फिल्मच हलायची. तरीही इतरांनी ही वाट धरली नाही, आणि त्याचं कारण मला आकड्यांतच दिसतं. सहा-बाय-नऊ सेंटीमीटरच्या फोटोसाठी साधारण 105 मिलीमीटरची लेन्स लागते. तिला 1 मीटरवर आणायचं तर फिल्मला 12 मिलीमीटरांहून जास्त मागे जावं लागेल, म्हणजे मामियाच्या दुप्पट. तेवढी जागा धडात ठेवली, तर खिशात जाणारा घडीचा कॅमेरा खिशाला पेलवणार नाही. म्हणून ही युक्ती शोभते ती सहा-बाय-सहाच्या चौकोनात आणि 75 मिलीमीटरच्या लेन्सबरोबरच.

या युक्तीचा शेवटचा मोठा प्रयोग मात्र 35 मिलीमीटरमध्ये झाला. 1996 साली क्योसेराने कॉन्टॅक्स एएक्स काढला. झाइसच्या हाताने फोकस करायच्या लेन्सना ऑटोफोकस देण्यासाठी त्यात फिल्मसकट आतलं सगळं धडच मोटरने 10 मिलीमीटरपर्यंत मागे-पुढे होतं. सरकायला एवढी जागा राखल्यामुळे तो किती जाडजूड झाला, ते हातात घेतल्याशिवाय कळत नाही.