निळा रंग कोणत्या वेळचा?

चार टेबलं जोडून त्यांवर ठाणे खाडीचा नकाशा अंथरला होता. खालच्या टोकाला वाशीचे पूल, मधे ऐरोली, वर ठाण्याचा रेल्वेपूल आणि तिथून उजवीकडे वळून कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली करत कल्याणपर्यंत गेलेली उल्हास नदी. टेबलाभोवती प्रशिक्षणाला आलेले वेगवेगळ्या खात्यांतले वीसेक अधिकारी. प्रत्येक गटाला एक ट्रेसिंग पेपर आणि एका रंगाचं स्केचपेन. आपल्या खात्याचं खाडीत जे काही आहे ते काढा, एवढीच सूचना.

पहिला अर्धा तास मजेत गेला. वनवाल्यांनी कांदळवनाचा हिरवा पट्टा आणि ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याची हद्द काढली. 2015 साली जाहीर झालेलं सुमारे 1,690 हेक्टरचं हे अभयारण्य; त्याच्या भोवतालचं संवेदनशील क्षेत्र धरून साडेसहा हजार हेक्टरांना 2022 मध्ये रामसर दर्जा मिळाला. बंदरवाल्यांनी लाल तुटक रेषेनं राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक 53 ओढला, त्यावर कोलशेत, काल्हेर, डोंबिवलीचे धक्के टिपले. पालिकांच्या अभियंत्यांनी नाल्यांची तोंडं आणि पूल काढले. महसूलवाल्यांनी रेतीचे गट. मत्स्यव्यवसायवाल्यांनी कोळीवाडे दाखवले: चेंदणी, कोपरी, कळवा, दिवा. मग सगळे कागद एकावर एक ठेवले. आतापर्यंत आपापल्या कागदाकडे बघणारी माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

सागरी अवकाशीय नियोजन म्हणतात ते हे. समुद्रात कोणी काय, कुठे आणि कधी करायचं हे सगळ्यांनी मिळून आधी ठरवायचं. ऑस्ट्रेलियाने ग्रेट बॅरियर रीफसाठी 1975 मध्येच कायदा करून तिथल्या पाण्याचे विभाग पाडायला सुरुवात केली. युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाची दहा पायऱ्यांची मार्गदर्शिका 2009 ची. जगभरच्या अशा प्रशिक्षणांत तीच थोड्याफार फरकाने शिकवली जाते. आपल्याकडे नॉर्वेच्या सहकार्याने 2019 पासून हे काम हाती घेतलं गेलं आणि प्रयोगासाठी पुदुच्चेरी व लक्षद्वीप निवडले गेले. हे सगळं प्रशिक्षकाने स्लाइडवर पाच मिनिटांत उरकलं, ते बरंच केलं.

खरं काम जुळणीच्या तक्त्यात होतं. आडव्या आणि उभ्या दोन्ही बाजूंना तेच वापर लिहायचे: मासेमारी, जलवाहतूक, रेती, पक्षी, कांदळवन, सांडपाणी, पूल. जिथे दोन वापर भेटतात त्या चौकटीत जमतं, जमत नाही, किंवा अटीवर जमतं अशी खूण करायची. मी ज्या गटाशेजारी बसलो होतो तिथे ‘रेती’ आणि ‘मासेमारी’ची चौकट वीस मिनिटं रिकामी राहिली. एकाचं म्हणणं, हातपाटीने बुडी मारून रेती काढली तर काय बिघडतं? दुसऱ्याचं म्हणणं, कागदावर हातपाटी असते, पाण्यात सक्शन पंप असतो. नियोजन कागदावरचं करायचं की पाण्यातलं? शेवटी ‘अटीवर’ची खूण झाली. अट कोणती, तो रकाना कोराच ठेवला. सरकारी बैठका पाहिलेल्या कुणालाही ही तडजोड ओळखीची वाटेल.

दुपारी कोळीवाड्यातल्या एका काकांना बोलावलं होतं. पन्नास वर्षं खाडीत गेलेली. ते नकाशाभोवती एक फेरी मारून आले आणि वाशीच्या वर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, ह्यो निळा कंच्या टायमाचा?”

कुणाला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी समजावलं. भरतीला जे निळं, ते ओहोटीला चिखल. आणि तो चिखल रोज सारखा नसतो. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण. तेव्हा मुंबईच्या किनाऱ्याला पाण्याची उंची साडेचार मीटरच्या पुढे जाते आणि ओहोटीला खाडी पार उघडी पडते. अष्टमीच्या सुमारास भांग. पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही. डोलीच्या जाळ्याला उधाणाचा जोर लागतो, भांगात जाळी वाळत पडतात. पाग टाकणाऱ्याची वेळ वेगळी, निवट्या आणि चिंबोऱ्यांसाठी चिखलात उतरणाऱ्या बाईची आणखी वेगळी. पूर्ण भरती कधी हे काढायला त्यांनी मोबाइल बघितला नाही. तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा. आत ठाण्याकडे थोडं उशिरा, कल्याणला त्याहून उशिरा. एक तरुण अभियंता मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहत होता. थोड्या मिनिटांचा फरक सोडला तर हिशेब जुळला.

माझ्या मते त्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा धडा तो होता, आणि तो अभ्यासक्रमात नव्हता. जमिनीचं नियोजन शिकलेला माणूस प्लॉटमध्ये विचार करतो: हा तुकडा निवासी, तो औद्योगिक. खाडीचं काम चाळीतल्या सामायिक नळासारखं असतं. जागा एकच, पाळ्या वेगळ्या.

दुसऱ्या दिवशी ऐरोलीहून ओहोटीला बोटीने निघालो तेव्हा हे डोळ्यांनी दिसलं. ऐरोलीला कांदळवन कक्षाचं किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. तिथून फ्लेमिंगो दाखवायला बोटी सुटतात. दोन्ही काठांना तिवराची दाट भिंत, तिच्या पायाशी श्वासमुळांचे खुंट, त्याखाली राखाडी, चकाकणारा उतार. फ्लेमिंगो त्या उताराच्या कडेला, जिथे पाणी घोट्याएवढं असतं, तिथे रांगेने माना खाली घालून चालत होते. पाणी जसजसं मागे सरकत होतं तशी रांग सरकत होती. मग भरती लागली. चिखल बुडाला की हे पक्षी उठतात आणि विश्रांतीला काठापलीकडच्या पाणथळांवर जातात: नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळच्या बाजूला, इकडे भांडुपच्या पंपिंग स्टेशनकडे. म्हणजे अभयारण्याची हद्द त्यांना जेवणाच्या वेळी सांभाळते, झोपेच्या वेळी ते हद्दीबाहेर. कालच्या ट्रेसिंग पेपरवर ही ये-जा कुठेच नव्हती. वनवाल्या गटाने परतल्यावर हिरव्या पेनाने बाण काढले आणि बाणांवर ‘भरती’, ‘ओहोटी’ असं लिहिलं.

मग बाकीचे थरही हलायला लागले. बंदरवाल्यांचा प्रश्न उलटाच निघाला: ओहोटीला लाँचखाली पाणी नाही, आणि उधाणाच्या भरतीला पुलाखाली डोकं वाचवायला जागा कमी. म्हणजे जलमार्गालाही घड्याळ आहेच. त्यात पुलांची गर्दी. मुंबई-ठाणे गाडी 1853 मध्ये सुरू झाली, 1854 मध्ये रूळ ठाण्याच्या खाडीवरून कल्याणला पोचले, आणि तेव्हापासून या पाण्यात आपण खांब रोवतोच आहोत. प्रत्येक खांबामागे प्रवाह मंदावतो, गाळ बसतो, गाळावर तिवर उगवतं. तिवर उगवलं की जागा कायद्याने संरक्षित. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनाभोवती 50 मीटरचा पट्टाही मोकळा ठेवायला सांगितला आहे. कोळ्यांच्या दृष्टीने मात्र जाळ्याची जागा गेली. चिखलातून रान वाढलं याचा आनंद आणि त्याच चिखलापायी गेलेली मासळी, दोन्ही एकाच चौकटीत लिहायचं कसं, याला मार्गदर्शिकेत उत्तर नाही. शिवाय खाडीला मजलेही आहेत: तळाखालून बुलेट ट्रेनच्या बोगद्याचा सात किलोमीटरचा टप्पा, वर पक्ष्यांच्या वाटेत आलेल्या उच्चदाबाच्या तारा.

कल्याणला वेगळाच पेच. समुद्र संपतो कुठे? दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी उभं राहून हा प्रश्न विचित्र वाटतो, कारण शिवाजी महाराजांनी आरमाराची पहिली जहाजं बांधली ती याच कल्याणच्या खाडीत. पण आज किनारा नियमन क्षेत्र कुठवर लागू, हे पाण्याच्या खारटपणावर ठरतं. वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात पाण्यात हजारी पाच भाग क्षार जिथे भरतात, तिथवर भरतीचा अंमल धरायचा. प्रशिक्षकाने रिफ्रॅक्टोमीटर दिला: वीतभर लांबीची नळी, काचेवर दोन थेंब, झाकण मिटायचं, उजेडाकडे धरून आत पाहायचं. निळ्या-पांढऱ्याची सीमारेषा ज्या आकड्यावर दिसेल तो आकडा वहीत. एकाच जागी भरती चढताना आणि उतरताना घेतलेले आकडे वेगळे आले. पृष्ठभागावरचं पाणी आणि दोरीने बाटली सोडून तळातून काढलेलं पाणी, तेही वेगळं. खारं पाणी जड, ते खालून शिरतं. त्यात डोंबिवली-अंबरनाथकडचं सांडपाणी आणि वर पिण्यासाठी उचललं जाणारं उल्हासचं गोडं पाणी. वरून गोडं पाणी कमी आलं की खारं वर सरकतं. पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाने किनाऱ्याची कायदेशीर हद्द हलू शकते, हे लक्षात आल्यावर पालिकेतल्या एका बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, “हे आमच्या नगररचनावाल्यांना कोण सांगणार?”

त्या हद्दीत राहणाऱ्यांसाठी हद्दीचे मीटर साधे नाहीत. खाडीकाठचा नियमन पट्टा 2011 च्या अधिसूचनेत 100 मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा होता. 2019 च्या अधिसूचनेने 100 चे 50 केले. मधल्या पट्ट्यात कोणाचे टॉवर उभे राहतात आणि कोणाची जाळी वाळवायची जागा जाते, हे सांगायला रिफ्रॅक्टोमीटर लागत नाही.

शेवटच्या सत्रात गटांनी एक मसुदा करायचा होता: खाडीत पुलाच्या खांबांचं काम कधी करू द्यायचं, याची नमुना अट. आमच्या शेजारच्या गटाने चांगली अट लिहिली. फ्लेमिंगोंच्या मुक्कामाच्या महिन्यांत ओहोटीच्या वेळी खांब ठोकायचे नाहीत, उधाणाच्या दिवसांत डोलीच्या जागांवर बार्ज नांगरायचे नाहीत, आणि तारखा कोळीवाड्याच्या सोसायटीला आधी कळवायच्या. मग खाली सही कोणाची, यावर चर्चा अडली. पक्षी वनखात्याचे, बार्ज सागरी मंडळाकडे, जाळी मत्स्यव्यवसायाकडे, किनाऱ्याची परवानगी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची, पूल बांधणारी संस्था आणखी निराळी. मला वाटतं, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपला हा प्रयोग सोपा जाईल, कारण तिथे टेबलाभोवती माणसंच कमी. इथे टेबलं चारही अपुरी. गटाने शेवटी मसुद्याखाली पाच सह्यांच्या जागा आखल्या, आणि पहिली कोणी करायची हे ठरेना म्हणून प्रशिक्षकाने त्यांना चहाला सोडलं.